टेबल सुधारत नसतं

किरणोपचाराआधी रुग्णाचा स्कॅन काढतात आणि त्यावरून किरण कुठून, किती द्यायचे ते ठरवतात. त्या स्कॅनचं टेबल माणूस झोपला की किंचित वाकतं. जास्त वाकलं तर पुढे किरण गाठ सोडून भलतीकडे जातात, म्हणून दर महिन्याला त्यावर वजन ठेवून बघायचं असतं. वजनाच्या पिशव्या तळघरातून कोण आणणार? इथले फिजिसिस्ट स्वतःच आडवे होत. चांगले भरदार गृहस्थ. पाठीमागे सगळे त्यांना मिलिमीटर म्हणत.

बायको गेल्यानंतरची ही त्यांची पहिली तपासणी. टेक्निशियन बाईंनी पट्टीवर पडलेली लेझरची रेषा वाचली आणि खुशीत सांगितलं, टेबल सुधारलंय, मागच्यापेक्षा कमी वाकतंय. बाहेर एक बाई गाऊन घालून ताटकळत होती. तिला हाक मारायला त्या दाराकडे निघाल्या.

मिलिमीटर पडूनच होते. वर दिव्याच्या काचेत मेलेला पतंग दिसत होता. बायकोचा स्कॅन इथेच झाला होता. घरी येऊन ती म्हणाली होती, तुमचं सगळं लक्ष पट्टीवर, माझ्या डोक्यावर पतंग मरून पडलाय. त्यांना ती थट्टा वाटली होती.

"थांबा," ते म्हणाले. "टेबल आपोआप सुधारत नसतं."

ते उठले आणि रुग्णांच्या वजनकाट्यावर उभे राहिले. बाईंनी आकडा पाहिला, मग त्यांच्या सैल पट्ट्याकडे.

"सर, रात्री जेवता का?"

"स्वयंपाक करायचा विचार असतो. तेवढ्यात झोप लागते."

तळघरातून पिशव्या आल्या. पूर्ण वजन पडताच टेबल मर्यादेच्या पार खाली गेलं. आजचे स्कॅन बंद.

बाहेरच्या बाईला सांगायला ते स्वतः गेले. तिचा नवरा तडकला. सकाळपासून बसवून ठेवलंत आणि आता परत या म्हणता? मिलिमीटरांनी ऐकून घेतलं. टेबल वाकतंय, दुरुस्त झालं की पहिला नंबर तुमचाच, म्हणाले. नवऱ्याने बायकोची पिशवी उचलली.

दुपारी मेकॅनिक टेबलाखाली शिरला. वरच्या दिव्याची काचही काढून झाडशील का, असं त्याला विचारलं, तर ते माझं काम नाही म्हणाला. मिलिमीटर स्टूल ओढून स्वतः वर चढले. बाईंनी स्टूल धरलं.

"पुढच्या वेळी पिशव्याच आणू," त्या म्हणाल्या. "तुमचा भरवसा नाही."

"आणा," ते म्हणाले आणि पतंग रुमालात घेऊन खाली उतरले.