बिनफेरीचं चाक

चाकात नव्या तारा ओवल्या, रिम सरळ केली, चाक न डुलता फिरलं, म्हणजे काम झालं असं ज्याला वाटतं त्यानं सायकलला हात लावू नये. पहिल्यांदा ताणलेल्या तारांचा ताण वरवरचा असतो. माणसाचं वजन पडलं, दोन फर्लांग खडी तुडवली, की तारा आपापल्या जागी बसतात अन् ढिल्या पडतात. मग पुन्हा ताणायच्या. म्हणून नवं ओवलेलं चाक मी स्वतः सायकलवर बसून तीर्थपुरीच्या बाहेर एक फेरी मारल्याशिवाय गिऱ्हाइकाला कधी दिलं नाही. बारा वर्षं. एकदा सोडून.

चौऱ्याहत्तर साली काकासाहेबांच्या मुलीचं लग्न होतं. जावयासाठी जालन्याहून नवी सायकल एसटीच्या टपावरून आली आणि उतरवताना आपटली. पुढच्या रिमची जिलेबी झाली. काकासाहेब स्वतः माझ्या दुकानी आले. दुकान म्हणजे बाजारातली पत्र्याची टपरी, आणि टपरीखालची जागा त्यांची.

मी नवी रिम टाकली, बत्तीस तारा ओवल्या, चाकाचा आऊट, म्हणजे डुलणं, काढला, हँडलमधले छर्रे बदलले. मग सीटवर हात ठेवला.

"काय करून राह्यला?" काकासाहेब म्हणाले.

"फेरी मारून येतो. तारा बसायला पाह्यजेत."

"गाडीला हळदीकुंकू लावलंय, दिसतं का? आधी तुझं बूड, मंग जावयाचं?"

छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो. काकासाहेबांच्या लेखी आमचं बूड तेच राहिलं.

"मंग कचरूला बसू द्या." कचरू त्यांचा सालगडी, त्यांच्याच जातीचा.

कचरू हसला. "मला बैलगाडी येती फक्त. हिला कासरा कुठाय?"

"घरात दुसऱ्या कोणाला येती?"

"कोणालाच न्हाई," काकासाहेब म्हणाले. "जावई मारील फेरी. दे जल्दी."

मैलभर चालवा अन् लगेच परत आणा, असं मी बजावलं. त्यांनी मान हलवली. कचरू ती सायकल नवरीला नेल्यासारखी हळूच ढकलत घेऊन गेला.

परत कोण आणतो. तिसऱ्या दिवशी जावई पुंजाराम ओढ्याच्या उतारावर होता, मागं कॅरियरवर बायको. ढिल्या तारांनी पुढची रिम वाकडी झाली अन् चाक धरणाऱ्या चिमट्यात अडकली. बायकोला खरचटलं. पुंजारामचे पुढचे दात गेले, उजवं मनगट मोडलं.

जावयाकडच्यांनी निरोप धाडला: सासऱ्यानं भंगार माल दिला, पोरगी परत घेऊन जा. काकासाहेब माझ्याकडं आले, एकटेच.

"वश्या, ते बाजाराच्या दिवशी येतेत. त्यांच्यासमोर म्हणायचं, माझ्या हातून तारा ढिल्या राह्यल्या. बास."

"तुम्ही मला फेरी मारू दिली असती तर..."

"फेरीचं नाव काढलं तर उद्या टपरी उचलायची."

घरी माझी बायको चांगुणाबाई म्हणाली, "जागा गेल्यावर हत्यारं डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडता का?"

"माझं काम खोटं न्हाई," मी म्हणालो.

"ते मला माहीत हाय. लेकरायला तेच वाढू का ताटात?"

मी म्हणालो. टपरीसमोर, भर बाजारात: माझ्या हातून तारा ढिल्या राह्यल्या. पुंजारामचा चुलता बोलला, "ह्यायच्या हातात पाना दिला कोणी?" लोक हसले. काकासाहेबही हसले. पोरगी नांदती राहिली. टपरी राहिली.

भिऊन बोललो. त्याला दुसरं नाव नाही, आणि मी देणार नाही.

मला वाटलं होतं, खरं काय ते सगळ्यांना ठाऊक आहे; कचरू तर समोर उभा होता. पण कचरूनं तोंड उघडलं नाही, आणि लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. बारा वर्षांत ह्या टपरीत एकदा खोटं बोललो, तेवढंच त्यांनी खरं धरलं. चाकं यायची बंद झाली. आधी काकासाहेबांच्या आळीतली, मग आमच्या वस्तीतली. हँडल, चेनसुद्धा कोणी देईना. पंक्चर अन् हवा, एवढंच उरलं.

अण्णासाहेब आमच्याच वस्तीतले, शेजारच्या गावी शाळेत मास्तर. एका सकाळी हवा भरायला आले. पुढचं चाक डुलत होतं, ब्रेकचं रबर एकाच बाजूनं घासत होतं.

"गुरुजी, हा आऊट कोणी काढला?"

"घनसावंगीला टाकलं होतं."

"दहा मिनिटं द्या. बराबर करून देतो."

त्यांनी हँडल सोडलं नाही. "वसंता, तूच म्हणाला ना चार लोकांत. माझी बायको मागं बसती रे."

समोरच्या हॉटेलात काकासाहेबांचे दोन गडी चहा पीत होते. मी त्यांच्याकडं बघितलं आणि फेरीचं नाव काढलं नाही.

"हवाच भर," गुरुजी म्हणाले.

मी पंप लावला. डुलणाऱ्या चाकात टायर टणक होईस्तोवर हवा मारली, आणि सायकल त्यांच्या हातात दिली.