कोरी बाजू

डिझिफाने पाचशे कागदांचा गठ्ठा फोडला, पत्त्यांसारखा पिसला, कडा टेबलावर आपटून ट्रेमध्ये ठेवला. हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्यात कागद एकमेकांना चिकटतात. दोन एकदम आत गेले की प्रिंटर अडतो, आणि आज तो अडून चालणार नव्हतं. मागच्या कोठारात कोंडून घेतलेला सेलॉर्म करवतीच्या पात्याने खिडकीचे गज कापत होता. तो आवाज प्रिंटर पूर्ण वेगात खडखडत असेपर्यंतच दबणार होता.

टोग्बेच्या, म्हणजे गावच्या राजाच्या, गादीवरून गाव दोन आठवडे पेटलं होतं. मिनिटाला शंभर पानं बाहेर पडत होती आणि प्रत्येकावर हरलेल्या घराण्याची बारा नावं होती: सूर्य मावळायच्या आत निघा, नाहीतर घरासकट जळा. चौथं नाव सेलॉर्मचं होतं. याच कचेरीत, याच प्रिंटरवर तो नऊ वर्षं डिझिफाबरोबर राबला होता.

जिंकलेल्या घराण्याच्या टोळीचा म्होरक्या वोलान्यो आत आला आणि त्याने कोयता टेबलावर टाकला. पातं ओलं होतं. बाहेर पायरीवर कचेरीचा पहारेकरी पोट धरून कण्हत होता.

"तुझा सेलॉर्म कुठाय?"

"आज आलाच नाही."

"आणि हे धूड तू एकटी हाकतेस?"

"तो असला तरी मीच हाकते. तो नुसता गप्पा मारतो."

वोलान्योने तिच्या कानशिलात भडकावली. ती प्रिंटरवर आदळली, ओठ फाटला, कोपराने झाकण उघडलं आणि प्रिंटर बंद पडला. डिझिफा जीव खाऊन खोकू लागली. खोकतखोकतच तिने झाकण लावलं, बटण दाबलं. पानं पुन्हा सुटली. तिला रडूही येत नव्हतं, इतकी ती घाबरली होती.

"वेग कमी झाला तर बोटं छाटीन," म्हणत वोलान्यो कोयता घेऊन बाहेर गेला. पहारेकऱ्याची किंकाळी आली, मग तीही थांबली.

राखणीला त्याचा साथीदार अग्बेको उरला. पन्नाशीचा, आडदांड, बाह्या रक्ताने माखलेला. गावातलं प्रत्येक दुखवट्याचं पोस्टर इथेच छापलं जायचं आणि एकेक प्रत भिंतीवर राहायची. आल्यापासून तो त्यातल्या एका हसऱ्या म्हातारीकडे बघत होता.

शेवटचा कागद गेला. प्रिंटर थांबला.

कोठारातून स्पष्ट आवाज आला. खर्र, खर्र. मग तोही थांबला.

अग्बेकोने कोठाराच्या दाराकडे पाहिलं. कोयत्यावरची मूठ आवळली. डिझिफा दार अडवून उभी राहिली.

"ती माझी आई," तो भिंतीकडे मान वळवून म्हणाला. "गेली तेव्हा पुढचे दोन दात नव्हते. सेलॉर्मने फोटोत बसवून दिले. सगळं गाव म्हणालं, म्हातारी हसत गेली."

डिझिफाने ओठातलं रक्त गिळलं.

त्याने कोयता कमरेला खोचला. छापलेल्या पानांचा गरम गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला, उलटा केला आणि तिच्यापुढे धरला.

"ही बाजू कोरी आहे, ताई. नीट पिसून घे."

पायरीवर वोलान्योची पावलं वाजली. डिझिफाने गठ्ठा ट्रेमध्ये सरकवला. बटण अग्बेकोनेच दाबलं.