तांदळाच्या खोलीतला अभ्यास

डब्याचं झाकण टक्कन निघालं आणि दुपारच्या निजलेल्या घरात वैजयंती स्वतःच दचकली. लेकीनं अर्धी पोळी तशीच ठेवली होती. पोळीवर कापसाचे दोन बोळे.

"हे काय वं, तनू?"

"कानातले." आठ वर्षांची तनुजा पायरीवर बसून मुंग्यांची रांग बघत होती. "सर घालाले लावते. खिचडीच्या तांदळाच्या खोलीत बसवते ना मले, तवा."

"कवापासून?"

"तू कागद देल्ला, तवापासून."

वैजयंतीनं पदर खोचला, पोरीचा हात धरला आणि मेथीच्या वाफ्यांमधून तडक शाळेची वाट धरली.

महिन्यापूर्वी वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. मेंदूतल्या काही पेशींचं कामच मुळी बाकीच्यांना गप्प करायचं. म्हणून रस्त्यावरच्या गाडीचा आवाज मागे पडतो आणि सरांचा पुढे येतो. तनुजाच्या मेंदूत हे गप्प करणं अजून कच्चं आहे, सगळंच एकदम आत शिरतं. पोरगी हुशार आहे. पुढे बसवा, थोडं थोडं काम द्या. हे सगळं लिहिलेला कागद वैजयंतीनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, केवढ्या हौसेनं सरांना नेऊन दिला होता!

देवमन सर शाळेला कुलूप लावत होते.

"सर, माही पोरगी पोत्याईत कायले बसवता?"

"ताई, चिडता काहून? आवाजानं ध्यान फुटते, असं कागदातच हाय. तिथं एक आवाज नाही."

"फळा तरी दिसते काय तिथून?"

सरांनी कुलूप ओढून पाहिलं. "चाळीस लेकरं हायेत मले. एकीसाठी साऱ्याईले मुकं करू काय?"

"म्हणून माहीले बहिरं केलं? पुढं बसवा म्हणून लिहिलं, ते नाही वाचलं?"

"कागद तर तुमीच आणला ना, ताई."

वैजयंती म्हणाली, "उद्या ती पहिल्या बाकावर बसन. नाहीतर मी येऊन बसतो तिच्या बाजूले. दिवसभर."

"बसा," सर हसले.

"बसनच!"

परतताना ती तरातरा चालत होती. तनुजा मात्र बांधाबांधावर थांबे. दूरचा ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, बाभळीवर घुमणारे होले, सगळं ऐके. वैजयंतीनं एकदाही तिला ओढलं नाही. वाफ्यापाशी आल्यावर तनुजानंच तिचा पदर धरला.

"आई, कागद वापस मांगला, तर सर मले पहिल्यासारखं पाह्यतीन काय?"