वणेच्या नोंदी आणि खोटी गर्दी

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. हिंगणघाटच्या एका वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांशेजारी माझी जागा आहे. एका कॉलेजने मला मोडीत काढले, तेव्हा रुपेश नावाच्या तरुणाने मला दुरुस्त करून इथे आणले.

निवृत्त शिक्षिका कांताबाई दर आठवड्याला वणा नदीचे पाणी तपासत. त्याचे फोटो आणि आकडे त्या रुपेशने बनवलेल्या वेबसाइटवर टाकत. ती वेबसाइट मी सांभाळत असे. नदीकाठच्या गावांतले लोक मोबाइलवर ती उघडत, तेव्हा मला फार बरे वाटे.

काठावरच्या एका रंगाई कारखान्याला विस्तार करायचा होता. त्यासाठी जनसुनावणी ठरली. लोक तिथे बाईंच्या नोंदी दाखवणार होते. आदल्या दिवशी सकाळी माझ्यावर धाड पडली. हजारो जण एकदम वेबसाइटचे पान मागू लागले. दिलेले पान कोणी वाचेना, पुन्हा तेच मागत. त्या खोट्या गर्दीत खरी माणसे मागे राहिली. वेबसाइट उघडत नाही, असे फोन बाईंना गावागावांतून येऊ लागले.

असे हल्ले लोक का करतात? कोणी खंडणीसाठी करतो, कोणी रागापोटी, कोणी नुसती फुशारकी मारायला. काहींना मात्र एखादी गोष्ट नेमक्या वेळी लोकांना दिसू द्यायची नसते. बाईंना हाच संशय आला, आणि तो रुपेशवर आला. दोन महिन्यांपूर्वी तो त्याच कारखान्यात नोकरीला लागला होता. माझा पासवर्डही त्याच्याकडे होता.

तो धावत आला, पण बाईंनी त्याला माझ्याजवळ बसू दिले नाही.

"खरं सांग रुपेश," त्या म्हणाल्या, "तूच तं हे बंद नाई केलं ना?"

ही गर्दी कुठून येते ते मला ठाऊक होते, पण वाचा नव्हती. रुपेशने एवढेच मागितले, की बाईंनी स्वतःच माझी नोंदवही उघडावी. येणाऱ्या प्रत्येकाचा इंटरनेटवरचा नंबर मी तिच्यात लिहून ठेवतो. ते नंबर बहुतेक घरांतल्या, दुकानांतल्या कॅमेऱ्यांचे होते. मालकांना न कळता कोणीतरी ते ताब्यात घेतले होते. एका नंबरावर रुपेश थबकला. ते कनेक्शन त्यानेच जोडून दिले होते.

"बाई, हा तुमच्या घरचा नंबर हाये. तुमच्या दारावरचा कॅमेराबी या गर्दीत हाये. आता मी तुमच्यावर शक करू काय?"

त्या कॅमेऱ्यासोबत आलेला, कोणालाही ओळखता येणारा पासवर्ड बाईंनी कधी बदललाच नव्हता. मग उठून त्यांनी रुपेशला खुर्ची दिली.

त्याने माझी बाहेरची लाइन तोडली, बाईंच्या सगळ्या नोंदी काढल्या आणि बाजारातून छापून आणल्या. दुसऱ्या दिवशी सुनावणीत आपल्याच साहेबांसमोर उभे राहून त्याने त्या वाचल्या. पाण्याची पुन्हा तपासणी होईपर्यंत विस्तार थांबला. आठवड्याभरात रुपेशची नोकरी गेली. सुनावणी संपल्यावर माझी लाइन पुन्हा जोडली, आणि तासाभरात हल्लाही थांबला होता. तो कोणी करवला, ते आजवर कळलेले नाही.

तेव्हापासून मी येणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघतो. कधी एखादा खराच माणूस दारातून परत जातो, आणि मला वाईट वाटते. म्हणून सांगतो मित्रांनो, घरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड आजच बदला. आपले यंत्र कोणाचे तोंड दाबायला राबते आहे, हे तुम्हाला त्या बाईंसारखे उशिरा कळू नये.