बाबांचा गडगा

ओत्ताव्हिओने पुन्हा तेच तुणतुणं सुरू केलं. "हा गडगा रोमनांनी बांधला, दोन हजार वर्षांपूर्वी!" मिलानहून आलेल्या डझनभर पाहुण्यांनी लगेच फोन वर केले. मी वरच्या मांडवात द्राक्षं तोडत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रोमनांचा तो खाली नदीवरचा पूल. तो दाखव की मेल्या! हा गडगा १९७७च्या दरडीनंतर आमच्या बाबांनी रचला. मार्च ते सप्टेंबर, नुसता दगडावर दगड, चिमूटभर सिमेंट नाही. त्यात त्यांची कंबर गेली ती कायमची.

आता मांडवाची माती अडवून धरणाऱ्या त्या गडग्याला पोट आलं होतं, मधले दगड बाहेर फुगले होते. वरचा भाग उतरवून नव्याने रचला नाही, तर माझे चाळीस वेल मातीसकट खाली येणार होते. परवापासून पाऊस सांगितला होता. आणि या ओत्ताव्हिओने, माझ्या धाकट्या भावाने, त्याच्या तळघरातली वाइन खपावी म्हणून, गडग्यावर पाटी ठोकलेली: 'प्राचीन वारसा. हात लावू नये.' तीन आठवडे मी मिनतवाऱ्या करत होते. उत्तर एकच, मोसम संपू दे.

मी पहार घेऊन खाली उतरले.

"ताई, आत्ता नको हं," तो कुजबुजला. "पाहुणे बघताहेत."

"बघू देत. रोमन बघायचेत ना त्यांना? दाखवते."

"वेड लागलंय का तुला?"

"मला? बापाची मेहनत परक्यांच्या नावावर तू केलीस, आणि वेड मला?"

पाटी उपटून फेकली. वरचा सपाट दगड पहारीने ढकलला, मग दुसरा. एक बाई किंचाळली. ओत्ताव्हिओने माझं मनगट धरलं, मी हिसडा दिला. आमच्या खोऱ्यात गडगा पुरा होताना बांधणाऱ्यांची नावं डबीत घालून आत ठेवतात. ही डबी कुठे आहे ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. तिसऱ्या थरात ती निघाली, माशांची गंजलेली डबी.

मी ती त्याच्या छातीवर आपटली. "वाच. मोठ्याने."

मेणकापडातला कागद शाबूत होता.

"बर्नार्दो," त्याने बाबांचं नाव वाचलं. "देल्फिना." ती मी. मग तो थांबला. खाली सात वर्षांच्या पोराची वाकडीतिकडी अक्षरं होती. तेव्हा भरीचे छोटे दगड टोपलीतून तोच आणायचा. बोटं सोलली तरी रडला नव्हता.

"तिसरं नाव कुणाचं?" एका पाहुण्याने विचारलं.

"माझं."

"म्हणजे हा रोमनांचा नाही?"

"नाही," ओत्ताव्हिओ म्हणाला. "बाबांचा आहे."

त्याचे डोळे भरले होते. माझा राग मात्र तसूभरही उतरला नव्हता. शिखरावर ढग जमायला लागले होते.

"कोट काढ," मी म्हणाले. "आणि भरीचे दगड आण."