दोन एकेचाळीसची चूल

डिंगिरी मेनिकेने आयुष्यात पुष्कळ चुका केल्या होत्या, आणि त्यांतली सगळ्यात मोठी म्हणजे उक्कू बंडाशी केलेलं लग्न, असं ती चारचौघांत सांगायची. पण यंदाच्या एप्रिलमधल्या नववर्षाला जी चूक झाली ती अगदी तिची स्वतःची होती. नवऱ्याच्या माथी खापर फोडायला काही म्हणता काही जागा नव्हती, आणि तिला खरं दुःख त्याचंच झालं होतं.

तिचा एकुलता एक मुलगा लहिरू कोरियात जहाजांच्या कारखान्यात लागला, त्याला दोन वर्षं झाली होती. त्याची रिकामी खोली बघून घर खायला उठायचं. म्हणून तिने खोलीला रंग काढला, नवी मच्छरदाणी लावली आणि मातलेच्या रस्त्यावर पाटी ठोकली, ‘पाहुण्यांसाठी खोली’. उक्कू बंडाने तीस वर्षं दांबुल्ला ते कँडी बस चालवली होती. मोडकंतोडकं इंग्रजी आणि हातवारे यांच्या बळावर त्याने साऱ्या जगाचे प्रवासी चढवले-उतरवले होते. पाटीकडे बघून तो म्हणाला, “तुला भाडेकरू नकोय गं. तुला भरवायला माणूस हवंय.”

ते अगदी खरं होतं. वर्षाच्या पहिल्या दिवशी नारळाच्या दुधातल्या भाताचा पहिला घास घरातल्या प्रत्येकाला भरवायचा, हा त्या घरात मेनिकेचा मान होता. गेली दोन वर्षं तो मान एका उक्कू बंडावर खर्च होत होता, आणि हा गृहस्थ घास घेताना टीव्हीवरच्या क्रिकेटवरून नजर काढत नसे. तेव्हा मार्चमध्ये फोनवर मागणी आली, की चेक देशातली यित्का नावाची मुलगी सायकलवरून येतेय आणि तिला बरोबर नववर्षाच्या दिवशीच खोली हवीय, तेव्हा मेनिकेला आकाश ठेंगणं झालं. तिने उत्तरात कळवून टाकलं, ‘जरूर या. दुपारी बारा वाजता गरमागरम जेवण तयार असेल.’

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. पंचांगाचा कागद तोवर छापूनही आला नव्हता.

एप्रिलमध्ये तो आला आणि मेनिकेच्या तोंडचं पाणी पळालं. जुनं वर्ष संपत आलं आणि नवं पुरतं लागलं नाही, असा जो मधला काळ, ज्याला नोनगते म्हणतात, तो यंदा भर दिवसा पडला होता. सकाळी साडेसातनंतर चूल नाही, काम नाही, तोंडात घास नाही. दुपारी दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी निळे कपडे घालून, दक्षिणेकडे तोंड करून चूल पेटवायची. पहिला घास चार वाजून पाच मिनिटांनी.

“मागच्या वर्षी तर रात्री होता हो हा काळ!”

“मग? ग्रह म्हणजे काय माझी बस आहे, रोज ठरल्या वेळेला यायला?” उक्कू बंडा म्हणाला.

मेनिकेने मुलीला निरोपावर निरोप पाठवले, पण ती डोंगरात कुठेतरी होती आणि फोन बंद. आणि नववर्षाच्या दिवशी, घड्याळात बाराचे ठोके पडत असताना, फाटकात सायकल येऊन उभी राहिली. लाल झालेलं तोंड, घामाने चिंब सदरा, गुडघ्याला खरचटलेलं. पोरगी तरीही हसत होती.

“आयुबोवन!” तिने हात जोडले. “सकाळपासून दोन बिस्किटं खाल्लीत. वाटेत एक दुकान उघडं नाही! जेवणाचाच विचार करत चढ चढले.”

उक्कू बंडाने तिला ओसरीवर बसवलं आणि घसा खाकरला. मेजावर तेलात तळलेले गोड कवुम, फुलासारखे कोकिस आणि केळ्यांचा फणा, सगळं जाळीच्या झाकणाखाली मांडलेलं होतं. पोरीची नजर तिथून हलेना. त्याने ग्रह, नक्षत्रं आणि चार वाजून पाच मिनिटं असं सगळं एका दमात सांगून टाकलं.

“म्हणजे काहीच नाही?” यित्का म्हणाली. “केळंसुद्धा?”

“पाणी मात्र हवं तेवढं.”

ती दोन तांबे पाणी प्यायली. मग संकोचत म्हणाली, “माझ्याकडे छोटी शेगडी आहे. अंगणात शेवया करून घेऊ का?”

उक्कू बंडाने बायकोकडे पाहिलं. मेनिकेला इंग्रजी बोलता येत नसलं तरी कळायचं सगळं. “विस्तव तो विस्तवच, चुलीत काय नि अंगणात काय,” ती म्हणाली.

“अगं, तिला कुठले आपले ग्रह लागू?”

“तिला नसतील. घर तर आपलं आहे ना?”

उक्कू बंडा हरल्यासारखा वळला आणि त्याने पोरीला रस्ता दाखवला. पुढे सहा किलोमीटरवर परदेशी लोकांसाठीचं मोठं हॉटेल आहे, त्यांना ना काळ ना वेळ, चोवीस तास भटारखाना चालू. यित्काने मान डोलावली, माफी मागितली आणि हेल्मेट उचललं.

ते हेल्मेट बघून मेनिकेने ओळखलं. गेली, ही पण गेली. चार वाजता पुन्हा तोच एक नवरा आणि तेच क्रिकेट. शिवाय दाराशी आलेलं लेकरू उपाशी चढणीला लागणार, याची लाज वेगळीच. ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि फडताळातली काडेपेटी तिने हातात घेतली.

“मेनिके, काय करतेस?”

“भात टाकते.”

“आत्ता? या वेळेला? अगं, वर्ष वाया जाईल!”

“माझं जाईल. तुमचं काय जातंय?”

कुंपणापलीकडे शेजारीण पोडी हामिने उभी होती. गावात कुणाच्या धुराड्यातून वेळेआधी धूर निघतो यावर तिचं बारीक लक्ष असायचं. ती टाचा उंचावून म्हणाली, “मेनिके अक्का, बारा वाजून दहाच मिनिटं झालीत हं! तुमचं घड्याळ पुढे गेलंय का?”

“माझं घड्याळ राहू दे, तू तुझी मान सांभाळ. लांबून लांबून तुटेल!”

उक्कू बंडाच्या कपाळावर घाम फुटला होता. यित्काने ते पाहिलं. “बाबा, काय झालं?” तिने विचारलं. त्याने यावेळी ग्रह-नक्षत्रं बाजूला ठेवली आणि साधं सांगितलं. या बाईने जन्मात कधी वेळेआधी चूल पेटवली नाही. आज तुझ्यासाठी पेटवतेय. मुलगा परदेशात आहे, घास भरवायला तिला कुणी नाही.

यित्का हेल्मेट टाकून आत धावली. मेनिकेने काडी पेटीवर टेकवलीच होती. पोरीने तिच्या हातातून काडेपेटी काढून घेतली आणि सदऱ्याच्या पाठच्या खिशात कोंबली.

“नाही, अम्मा. मी थांबते.”

‘अम्मा’ हा शब्द ती कुठल्या चहाच्या टपरीवर शिकली होती कोण जाणे. मेनिकेने हातातली काडी खाली ठेवली.

“बरं, या वेळात तुम्ही करता काय?” यित्काने विचारलं.

“काही नाही,” उक्कू बंडा म्हणाला.

“सगळा देश?”

“सगळा देश. चोरसुद्धा सुट्टीवर.”

यित्का खो खो हसली. अकरा दिवसांत तिने सिगिरियाचा खडक चढला होता, दांबुल्ल्याची लेणी पाहिली होती, वहीतल्या यादीवर एकेक खूण करत ती पेडल मारत आली होती. सगळा देश मिळून काही न करण्याची गोष्ट त्या यादीत कुणी लिहिलीच नव्हती. ती चटईवर बसली. उक्कू बंडाने खळग्यांची फळी काढली आणि गुंजांचा खेळ मांडला. पहिला डाव तो जिंकला. दुसऱ्या डावात यित्काने त्याच्या मुठीत दडवलेल्या तीन गुंजा पकडल्या.

“बसमध्येसुद्धा असेच कंडक्टरचे सुटे पैसे लपवायचे हे,” मेनिके म्हणाली. तिचं हे वाक्य उक्कू बंडाने काही पोरीला सांगितलं नाही. पांगाऱ्यावर कोकिळ ओरडत होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पोरीच्या पोटातले कावळे मात्र सगळ्यांना ऐकू येत होते, आणि प्रत्येक वेळी तीच आधी हसायची.

अडीच वाजता मेनिके निळी साडी नेसून आली. यित्कालाही तिने लहिरूचा निळा सदरा दिला. नवं मडकं चुलीवर चढलं, दूध ओतलं, लाकडं रचली. दोन चाळीस. आणि मग मेनिकेने फडताळात हात घातला.

“काडेपेटी कुठाय?”

यित्का किंचाळून ओसरीकडे पळाली. तिथे तिने आपला ओला सदरा वाळत घातला होता. खिशातून काडेपेटी निघाली खरी, पण घामाने तिचा पार लगदा झाला होता. मेनिकेने एक काडी ओढली, गुल पेटीलाच चिकटला. दुसरी, तिसरी, तीच गत. तेवढ्यात गावभर फटाक्यांची माळ सुरू झाली. एकेचाळीसावं मिनिट लागलं होतं.

“हामिने! विस्तव दे गं!” उक्कू बंडा कुंपणाकडे धावला.

“वेडे झालात का, दादा? वर्षाची पहिली देवघेव व्हायच्या आत घरातून विस्तव कुणी बाहेर देतं का?” पोडी हामिने म्हणाली. बिचारी अगदी रडवेली झाली होती, कारण खरोखरच देता येत नव्हता.

यित्काला आपली शेगडी आठवली. तिने सायकलवरची पिशवी ओसरीवर उपडी केली. मोजे, पंप, नकाशा आणि त्याखाली पिवळा लायटर.

“हे चालेल?”

“दे इकडे!” मेनिके ओरडली, चक्क इंग्रजीत.

ज्वाळा उठली तेव्हा उक्कू बंडा घड्याळापुढे उभा राहून सेकंद मोजत होता. “बारा राहिले! बारा सेकंद राहिले!” तो बसचा कंडक्टर असल्यासारखा ओरडत होता. थोड्या वेळाने दूध फुगलं, काठाशी थांबलं आणि चारी बाजूंनी एकदम उतू गेलं. कुंपणापलीकडून पोडी हामिनेनेही टाळी वाजवली.

चार वाजून पाच मिनिटांनी तिघं चटईवर बसली. पणती लावली होती, केळीच्या पानावर पांढऱ्या भाताच्या वड्या कापून ठेवल्या होत्या. मेनिकेने एक तुकडा उचलला. आधी उक्कू बंडा. त्याने टीव्ही बंद केला होता, आणि याचं श्रेय कुणाला हे मेनिकेला बरोबर कळलं. मग ती यित्काकडे वळली. पोरीने डोळे मिटून तोंड उघडलं. भुकेलं माणूस खातं तसं ती खात होती, सावकाश, एक कणही सांडू न देता. मेनिकेचा हात तिच्या हनुवटीखाली तसाच राहिला. लहिरू लहान असताना ती असाच हात धरायची.

आता आपली पाळी, असं समजून यित्काने पानावरून एक वडी उचलली आणि मेनिकेच्या तोंडाशी नेली.

तसं करायचं नसतं. मोठ्यांनी भरवायचं, धाकट्यांनी खायचं, असाच रिवाज आहे. या घरात सून म्हणून आल्यापासून मेनिके भरवतच आली होती. तिच्या तोंडात घास घालणारी तिची आई जाऊन एकतीस वर्षं झाली होती. उक्कू बंडा सांगायला पुढे सरसावला, “अगं पोरी, असं नसतं...” मेनिकेने हात वर करून त्याला गप्प केलं आणि घास घेतला.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. यित्का घाबरली. “बाबा, माझं काही चुकलं का?”

मेनिकेने घास गिळला, निळ्या पदराने डोळे पुसले आणि पुन्हा तोंड उघडलं.