एकटीचा चौकोन

नादीनने विचारायच्या आत डेल्फिनाने पेन उचललं आणि कराच्या कागदावर 'एकटी' या चौकोनात ठसठशीत फुली मारली. शेजारी युसेबिओ टोपी मांडीवर ठेवून बसला होता. एकतीस वर्षं एका छपराखाली राहूनही दर मार्चमध्ये वाचनालयातल्या या करमदतीच्या टेबलावर दोघं आपापला कागद वेगळा भरत.

"याच्या आधी एकदा लग्न करून पाहिलं, पुरे झालं," डेल्फिना म्हणाली. "हा रोज सकाळी स्वतःच्या मर्जीने थांबतो. कुणी बांधून ठेवलेला नाही."

हे सांगताना तिची मान ताठ व्हायची, आणि का होऊ नये?

नादीन यंदाच या टेबलावर मदतीला आली होती. त्याआधी ती इस्पितळात नर्स होती. तिने युसेबिओकडे दोनदा निरखून पाहिलं.

"कोलोरॅडोत लग्न लावावंच लागतं असं नाही. दोघंही स्वतःला नवरा-बायको मानत असाल, चारचौघांत तसं सांगत असाल, तर कायद्याला तेवढं पुरतं. मग इथे 'एकटी' चालत नाही."

"आम्ही कुणाला सांगितलंय?"

नादीन घुटमळली. "गेल्या हिवाळ्यात तुमचं ऑपरेशन झालं, तेव्हा वॉर्डात मीच होते. यांनी फॉर्मवर 'नवरा' लिहिलं होतं. तीन दिवस खुर्चीतून हलले नाहीत."

युसेबिओचे कान लाल झाले.

"आत सोडत नव्हते," तो टोपीकडे बघत म्हणाला. "तिला यातलं काही ठाऊक नाही. खोटं लिहिलं मी. तिची फुली राहू दे."

डेल्फिना त्याच्याकडे बघत राहिली. हा खोऱ्यातला पाटकरी. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे तो ठरवायचा. एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊसुद्धा त्याच्या शब्दावर विसंबून कधी घड्याळ बघत नसत. आणि तिची मान ताठ राहावी म्हणून तो आज भर वाचनालयात स्वतःला खोटारडा म्हणवून घेत होता. अभिमानाने तिचा ऊर भरून आला, आणि थोडा रागही आला.

"खोटं लिहिलंस?"

"हो."

"या माणसाला खोटं जमत नाही," ती नादीनला म्हणाली. "खोऱ्यात कुणालाही विचार. आम्हा दोघांचा मिळून एक नवा कागद दे."

नवा कागद आला. डेल्फिनाने पेन युसेबिओच्या हातात दिलं.

"त्या दिवशी लिहिलंस तेच लिही," ती म्हणाली. "आणि अक्षर नीट काढ."